न सांगता आलेला हात

माझा देव इथवर येत असेल का, ही शंका मला पाय गेल्यावर आली. आमचं कुळदैवत सिद्धनाथ आणि आमचं गाव माणदेशात, उघड्याबोडक्या मुलखात. तिकडं काही झालं की आम्ही देवळाच्या दिशेला तोंड करतो, हात जोडतो, 'नाथबाबाच्या नावानं चांगभलं' म्हणतो आणि पुढचं त्याच्यावर टाकून कामाला लागतो. इथं गडचिरोलीच्या जंगलात आल्यापासून मला दिशाच कळत नव्हती. चहूबाजूंनी साग, मोह आणि बांबू. हात जोडायचे तर कुठं तोंड करून जोडायचे? माझे मालक रस्त्याच्या कामावर रोलर चालवतात. काम पुढं सरकेल तसा आमचा पत्र्याचा कॅम्पही सरकतो, आणि कॅम्पवरच्या माणसांचा स्वयंपाक माझ्याकडं असतो. शाळा माझी सहावीतच सुटली. त्यामुळं लिहिण्यात कुठं मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. पण जे झालं ते जसं झालं तसंच सांगते आहे, त्यात माझ्या पदरचं काही घातलेलं नाही.

आधी साधा ताप आला, पोट बिघडलं, दोन-चार दिवसांत बरंही वाटलं. मग एका सकाळी तळपायाला मुंग्या आल्या. चुलीपुढं बसून बसून आल्या असतील म्हणून मी पाय झटकले. त्या गेल्या नाहीत, वर चढल्या. दुसऱ्या दिवशी भाताचं पातेलं उतरवायला उठले आणि गुडघ्याखाली पाय आहेत की नाहीत हेच कळेना, तशीच बसल्या जागी कोसळले. संध्याकाळपर्यंत मांड्या गेल्या. आपल्याच अंगातून कुणीतरी एकेक खोलीचा दिवा मालवत वर येत आहे असं मला वाटत होतं, आणि तो छातीपाशी आला म्हणजे काय, हा विचार करायचं धाडस नव्हतं. कंपनीच्या पिकअपमध्ये गादी टाकून मला चंद्रपूरला नेलं, तोवर हातही गेले होते. डॉक्टर म्हणाले, ताप गेला पण तापाशी लढणारं आतलं बळ चुकून नसांवरच उलटलं आहे. श्वासावर आलं नाही ही कृपा. हळूहळू हात आले, बसणं आलं, कुशीवर वळणं आलं. पाय मात्र माझे असून माझे नव्हते. नसा भरून येत आहेत, पण चालणं पुन्हा शिकावं लागेल, असं सांगून त्यांनी मला ब्रह्मपुरीकडच्या एका धर्मादाय केंद्रात पाठवलं.

मालक मला तिथं सोडताना बराच वेळ पलंगाच्या लोखंडावरचा रंग नखानं खरवडत बसले होते. मग म्हणाले, "पाऊस सरला की कॅम्प पार आत जाणार हाय. तिथं रस्ता न्हाई, म्हणून तर आपण जायचं. तुला उचलायला कोण असणार गं?" मी पायांवरची चादर सारखी केली. ते म्हणाले, "तवर पाय चालला तर माझ्यासंगं. न्हाई तर तुझ्या भावाकडं सोडतो. माझ्याच्यानं दुसरं काही सुचंना." माझा भाऊ चांगला आहे. पण त्याच्या घरात त्याची सासू आधीच अंथरुणाला खिळलेली, आणि वहिनी दोन लेकरं सांभाळून तिचं सगळं करते. त्याच घरात माझा आणखी एक पलंग पडणार. मी माझ्या मालकाला कधीतरी, सुट्टी मिळाली तर, दिसणार. त्या दिवसापासून मी एकच मागणं धरलं, की नाथा, मला माझ्या पायावर कॅम्पला जाऊ दे. आणि मागताना दरवेळी वाटायचं, एवढ्या लांब हे त्याच्या कानावर पडतं तरी का?

ते केंद्र म्हणजे पूर्वीचं धानाचं गोदाम. चुना मारला होता, फरशी घातली होती, पण भिंतींना अजून कोंड्याचा वास यायचा आणि चिमण्या फरशीच्या फटीत जुने दाणे शोधत फिरायच्या. एका भिंतीला लांबच लांब आरसा, आणि त्याच्यासमोर चालायचं मशीन. टीव्हीत जिममध्ये दाखवतात तसा फिरता पट्टा, पण याच्या पट्ट्याखाली सेन्सर होते, वर डोळ्यासारखा काळा कॅमेरा होता आणि आढ्याच्या नळीला पट्ट्यापट्ट्यांची झोळी लटकवलेली होती. पेशंट पडू नये म्हणून त्याला त्या झोळीत बांधायचं. पुढं पडद्यावर दोन तळवे दिसत. जिथं वजन पडेल तिथं नारिंगी, जिथं नाही तिथं काळं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा डावा तळवा जवळजवळ सगळा काळा होता. जळून गेलेल्या भाकरीसारखा.

ते मशीन शिकवायला प्रज्ञा मॅडम होत्या. बल्लारपूरची मुलगी, वयानं माझ्याहून लहान, पण हात असा ठाम की बांधलेला पट्टा सुटायची बिशाद नव्हती. पहिल्या दिवशी मी वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेले तर चटकन मागं सरल्या. म्हणाल्या, "आमच्यात पाया पडत नाहीत ताई. पाय चालायसाठी आहेत, तुमचेही अन् माझेही." मग त्यांनी समजावलं की हे मशीन माणसाला ओढत नाही. तुम्ही पुढं झाल्या की पट्टा पुढं, तुम्ही मंद झाल्या की तो मंद, तुम्ही थांबल्या की तो थांबणार. "ते तुमचं पाहून चालते. तुम्ही निघाल्याशिवाय निघत नाही." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं, माझं पाहून चालणारं हे कोण?

त्याच आठवड्यात दुपारी मी चाकाच्या खुर्चीत माझ्या पाळीची वाट बघत होते. मशीनवर कुणी नव्हतं. पंखा फिरत होता, झोळी हलत होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो काळा पट्टा सरकायला लागला. हळू, थबकत थबकत, अगदी आजारी माणूस चालावा तसा. झोळीही त्याच्यावर डोलत होती. मी ओरडले. मॅडम धावत आल्या, बटण दाबलं, आणि हसून म्हणाल्या, "कोणीतरी चालू सोडलं. झोळी हलली की त्या कॅमेऱ्याले वाटते माणूस आहे." त्यांनी खरं तेच सांगितलं असणार. पण माझ्या डोक्यात एवढंच राहिलं की माणूस नसला तरी त्याला माणूस दिसतो. त्यानंतर झोळीत बांधून घेताना मला रोज वाटायचं, मी दुसऱ्या कुणाच्या तरी जागेत शिरते आहे.

आता चालण्याचं सांगते. मॅडम मला उभं करायच्या, वजनाचा निम्मा भार झोळी घ्यायची, आणि मी कठड्याला धरून पाऊल टाकायची. पट्टा निघायचा. थोडं अंतर बरं जायचं. मग समोरच्या आरशात लक्ष जायचं. त्यातली बाई चालत होती, चालत होती, आणि जवळ येत नव्हती. बाजूच्या खिडकीतलं चिंचेचं झाड तिथल्या तिथं. आमच्याकडं माळावर चकवा लागतो. माणूस तास न् तास चालतो आणि फिरून त्याच बाभळीपाशी येतो. माझ्या चुलत्याला लागला होता, तो सांगायचा की चालण्याचं भय नसतं, बाभूळ पुन्हा दिसली की जे वाटतं त्याचं भय असतं. ते भय मला त्या पट्ट्यावर चढायचं. आणि ते चढलं की डावं पाऊल खिळल्यासारखं व्हायचं. पट्टा थांबायचा. मशीनचा आवाज बंद, हॉलमध्ये फक्त चिमण्या. मॅडम म्हणायच्या, "ताकद आली आहे ताई, मी तपासली आहे. पाय निघत नाही, कारण तुम्ही वजन मागं धरून ठेवता. पुढं सोडा. पडाल असं वाटेल, पण झोळी आहे ना." मी सोडायला गेले की अंग आणखी ताठ व्हायचं. एकदा तर मी त्यांना हात जोडले, म्हटलं, "मॅडम, ते ओढायचं काही बटण असलं तर दाबा. मला ओढत न्या." त्या म्हणाल्या, "ओढलं तर पट्टा चालेल. तुम्ही नाही चालणार."

माझ्यानंतर पाळी असायची सोमीबाईची. कुरखेड्याकडच्या एका जंगलातल्या गावची, साठीची गोंड बाई. लकव्यानं डावी बाजू गेलेली, तोंड जरा वाकडं, त्यामुळं हसली की अर्धाच चेहरा हसायचा. गोंडी तिची घरची भाषा, पण आमच्याशी ती त्यांच्या झाडीच्या मराठीत बोलायची. त्या भाषेत बायासुद्धा 'मी जातो, मी करतो' म्हणतात, मला आधी त्याचीच मजा वाटायची. ती खुर्चीत आरशाला पाठ लावून, माझ्याकडं तोंड करून बसायची आणि माझी रोजची फजिती बघायची. मी मशीनवर चढण्याआधी कठड्याला हात लावून कपाळाला लावते हे तिनं पहिल्याच दिवशी टिपलं होतं. "काऊन वं बाई, मशिनीच्या पाया पडून राह्यली? ते का तुले जेवू घालते?" असं म्हणून ती मोठ्यानं हसायची.

आमच्याकडं चकव्यावर उतारा आहे. पायातल्या चपला उलट्या घालायच्या, डाव्या पायातली उजव्यात. मी कुणाला न सांगता तेच केलं. मशीनवर चढताना आम्हाला केंद्राचे बूट घालावे लागत, त्यात सेन्सरच्या पातळ गाद्या होत्या. मॅडम बाहेर गेल्या होत्या तेवढ्यात मी खुर्चीत वाकून बूट आलटूनपालटून घातले, नाथाचं नाव घेतलं आणि साळसूदासारखी बसले. मग चढले. पडद्यावर जे दिसलं ते बघून मॅडमचा चेहराच उतरला. तळव्यांची चित्रं एकमेकांवरून गेलेली, डावा पाय उजवीकडं. त्या कधी माझ्या कमरेला हात लावून बघत, कधी गुडघ्याला, आणि 'हे कसं काय, हे कसं काय' पुटपुटत. शेवटी मोठ्या डॉक्टरांना फोन लावायला निघाल्या तेव्हा सोमीबाई खुर्चीतून ओरडली, "मॅडम, तिच्या पायाकडे तं पाहा! जोडा उलटा घालून राह्यली ते!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडम रागावल्या नाहीत. खाली बसून त्यांनी बूट सरळ घालून दिले, आणि एवढंच म्हणाल्या, "मी देव-भूत मानत नाही ताई. पण तुम्ही मानता ते मले सांगत जा. नाहीतर मी दुसऱ्याच रोगावर औषध करीन."

त्या दिवशी व्हरांड्यात जेवताना सोमीबाईनं मला विचारलं की जोड्यांचं हे काय होतं. मी चकव्याचं सांगितलं. तिचं हसू मावळलं. तिनं भाताचा घास ताटातच ठेवला आणि म्हणाली, "आमच्याकडे भुलनवेल रायते." मग तिनं सांगितलं ते असं. जंगलात एक वेल असते, कुणी ती ओळखत नाही. तिच्यावरून पाय गेला की माणसाला भूल पडते. सोमीबाई तरुणपणी मोहफुलं वेचायला गेली होती आणि तिला पडली. तिचं गाव, गावचा तलाव, तलावावरचं वडाचं झाड, सगळं समोर दिसत होतं आणि त्यातलं काहीच तिच्या ओळखीचं नव्हतं. पाय जिथं होते तिथंच राहिले. "मी उभी. ऊन गेलं, तरी उभी. मांगून कोनतरी आला अन् पाठीले हात लावला. तवा भूल उतरली. दुसऱ्या मानसाचा हात लागल्याबिगर उतरतच नाई ते." मी विचारलं, कोण होता तो? ती माझ्यावर खेकसलीच. "पुसाचं नाई! मांगं पाहाचं नाई, नाव पुसाचं नाई. पुसलं का त्याले लागते भूल."

मला वाटलं, सोपं आहे की मग. म्हटलं, "तुम्हीच लावा ना हात." तर म्हणाली, "ह्या हातापायाची भूल माझीच उतरली नाई, मी तुझी का उतरवू?" मॅडमचा हात तर मला रोज लागतो, मी म्हटलं. "तो डाक्टरीचा हात. सांगून येते. न सांगता आला पाह्यजे." आणि पुढं म्हणाली, "तू वाट पाहून राह्यली, म्हून बी नाई येनार." मी त्यावर काय करावं? जो हात मागून आणायचा नाही, ज्याची वाट बघायची नाही, तो येणार तरी कसा? मी घाबरट बाई आहे. मला उद्याचं आज ठरलेलं लागतं. रात्री मीठ संपत आलं असलं तरी मला झोप लागत नाही. आणि इथं तर सगळंच सोडून द्यायला सांगत होते. एक म्हणत होती वजन सोड, दुसरी म्हणत होती वाट बघणं सोड. दोघींनाही कळत नव्हतं की सोडणं हीच गोष्ट मला येत नाही.

असे दिवस गेले. पाऊस पडून गेला, शेतात धान पोटरीला आला. मालकांचा फोन आला की कॅम्प हलायचं ठरलं, बाजाराच्या दिवशी येतो, आणि आलो की भावाला कळवून टाकू. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला जास्तच भीती वाटली. माणूस ठरवून झालं की असा मऊ बोलतो.

दुसऱ्या दिवशीची दुपार. आश्विनातलं ऊन फार वाईट, पावसाळ्यातली सगळी ओल त्यात उकळते. आरशानं मला त्रास होतो हे मी मॅडमला सांगून टाकलं होतं, म्हणून त्यांनी त्याच्यावर चादर टाकली होती. मी झोळीत होते. सोमीबाई नेहमीसारखी समोर खुर्चीत. थोडी चालले आणि पाऊल खिळलं. पट्टा थांबला. तेवढ्यात लाइट गेली. मशीन इन्व्हर्टरवर होतं, त्याचा पडदा तेवढा उजळ राहिला, पंखे थांबले. मॅडम माझ्यासमोरच, डाव्या हाताच्या कोपऱ्यात, इन्व्हर्टरपाशी वाकल्या. त्यांची वेणी मला दिसत होती. हॉलमध्ये आम्ही तिघीच. मी पडद्यावरच्या माझ्या काळ्या तळव्याकडं बघत उभी होते, आणि मला एकाएकी फार थकवा आला. पायांचा नाही, मागण्याचा. मी मनात म्हटलं, नाथा, तू इथवर येत असशील तर ये, नसशील येत तर राहू दे. मला भावाच्या दारात पडायचं असेल तर तिथं पडते. मी आता काही मागत नाही. हे काही मी भक्तीनं म्हटलं नाही. दमलेलं माणूस हातातलं ओझं रस्त्यातच ठेवतं, तसं ते झालं.

चिमण्यांचा आवाज बंद झाला. आधी झाला की नंतर, हे मला आता सांगता येणार नाही. आणि माझ्या पाठीवर, झोळीच्या पट्ट्याच्या खाली, कणा वाकतो तिथं, एक तळवा टेकला. ढकललं नाही. नुसता टेकला. घामानं पोलकं पाठीला चिकटलेलं होतं, त्यातून तो गार लागला. पहाटे भरून ठेवलेल्या माठाला हात लावावा इतका गार. बोटं मला वेगवेगळी कळत होती, अंगठा डाव्या बाजूला होता. वळून बघायचं माझ्या अंगात आलं होतं, खोटं कशाला बोलू, पण मी वळले नाही. सोमीबाईनं सांगितलं होतं म्हणून नाही वळले, की वळायची ताकद नव्हती म्हणून, कोण जाणे. माझं सगळं अंग एकदा सैल झालं आणि पुढं गेलं. पट्टा निघाला. डावं पाऊल उचललं गेलं, टेकलं, आणि पडद्यावर टाचेपाशी नारिंगी ठिपका उमटला. मग उजवं. मग पुन्हा डावं. भय चढतं ती जागा आली आणि गेली. मी रडत होते आणि चालत होते, आणि मशीन माझं पाहून चालत होतं.

मी सोमीबाईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या मागं बघत होती. मग तिनं चांगल्या हातानं पदर ओढून डोक्यावर घेतला, आणि थोरामोठ्यांसमोर बाया बघतात तशी खाली जमिनीकडं बघत बसली. लाइट आली, पंखे फिरले. मॅडम वळल्या आणि ओरडल्याच, "अरे! ताई! चालून राह्यल्या तुम्ही!" शिकलेली मुलगी, एरवी बऱ्यापैकी जपून बोलणारी, त्या आनंदात घरची भाषा बोलून गेली. माझ्या पाठीवरचा गारवा संध्याकाळपर्यंत राहिला.

मी मॅडमला सगळं सांगितलं, कारण सांगत जा असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांनी झोळीचे पट्टे तपासले, वरची कडी तपासली. मशीनमध्ये बघून म्हणाल्या, तुमचं वजन पुढं यायच्या जरा आधी पट्टा सुटलेला दिसतो. लाइट गेल्यानं सेन्सर मागंपुढं झाले असतील, किंवा झोळीचा पट्टा पाठीला लागला असेल. मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा एकदा पडद्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मले माहीत नाही ताई. जे माहीत नाही ते मी नाही सांगत. पण पाय तुमचाच निघाला, एवढं मी पाहिलं." मला त्यांचं ते बोलणं फार आवडलं. सोमीबाईला विचारायला गेले तर तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "नको पुसू, माय."

त्यानंतर पाय रोज थोडा थोडा माझा होत गेला. झोळीनं भार घेणं कमी केलं, कठडा सुटला, मग वॉकर, मग काठी. बाजाराच्या दिवशी मालक आले तेव्हा मी वॉकर धरून व्हरांड्यात उभी होते. ते पायरीवर थबकले, हातातली पिशवी खाली ठेवली, आणि ओळख नसलेल्या बाईशी बोलावं तसं म्हणाले, "बसा की, उभ्या का?" मग स्वतःच हसले आणि खांबाआड जाऊन डोळे पुसून आले. भावाला फोन झालाच नाही. कॅम्प पुढं गेला, मी महिनाभरानं येणार असं ठरलं. जाताना त्यांनी विचारलं, "नवस कुणाचा फेडायचा गं?" मी म्हटलं, कॅम्पवर आल्यावर सांगते.

माझ्याआधी सोमीबाई घरी निघाली. तिचा हात तसाच राहिला, पण चार पायांच्या काठीवर ती आपली आपण चालायला लागली होती. तिचा मुलगा कुरखेड्याकडची काळीपिवळी जीप थेट फाटकापर्यंत घेऊन आला होता, आत माणसं दाटीवाटीनं बसलेली. तिला पोचवायला मी मागोमाग फाटकापर्यंत गेले. मशीन नाही, फरशी नाही, साधी खडीची वाट. पायाखालची जमीन हलत नव्हती, मीच पुढं जात होते आणि फाटक खरोखर जवळ येत होतं. एवढ्या साध्या गोष्टीचं मला इतकं नवल वाटलं की मी दोनदा थांबून मागची वाट बघून घेतली.

जीपमध्ये तिला पुढं बसवायला वेळ लागत होता. ड्रायव्हर म्हणाला, "चाल वं बुढे, बस्तं का उतरतं?" तिनं त्याला दटावलं, "थांब बापा, तुह्या गाडीले पाय फुटले का?" मग खिडकीतून मला जवळ बोलावलं. माझं मनगट धरलं. हळू आवाजात म्हणाली, "आता तुही भूल पुरी उतरली. आता सांगाले भेव नाई. मी पाह्यलं होतं. सांगू का?"

मी कसं सांगू मला त्या क्षणी काय झालं. इतके दिवस हाच एक प्रश्न घेऊन मी उठत होते आणि झोपत होते. तो नाथ असेल तर मला गावाकडं ताठ मानेनं सांगता आलं असतं, की देव पार जंगलापर्यंत आला माझ्यासाठी. नाथ नसेल, इथलाच कुणी असेल, तर मला त्याची भीती वाटली असती, आणि मी त्याला नारळ वाहून, कोंबडं दाखवून मोकळी झाले असते. आणि कुणीच नव्हतं असं ती म्हणाली असती तर? मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. अर्धा चेहरा हसत होता, अर्धा नेहमीसारखा शांत होता. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

मी म्हटलं, "नको, सोमीबाई. राहू द्या."

तिनं माझं मनगट दाबलं, मान हलवली, आणि जीप निघाली. धूळ खाली बसेपर्यंत मी फाटकापाशी उभी होते, माझ्या दोन पायांवर. मग वळले आणि चालत आत आले.

आता मी कॅम्पवर आहे. पहाटे चुलीपुढून उठताना अजून डावा पाय जरा उशिरा येतो. त्याची वाट बघते, तो येतो. त्या क्षणी मी उभी असते तिथूनच, कुणाचंही नाव न घेता, हात जोडते. ज्यानं कुणी माझ्या पाठीला हात लावला त्याला ते पोचत असेल. मालक अधूनमधून विचारतात, नवसाचं काय. मी म्हणते, फेडते आहे. आणि भात चढवते.